भाऊसाहेबांची कात

जामसरच्या हर्षालीनं कोळी पाळलाय ही बातमी जव्हारच्या शाळेत पोचायला एक दिवस लागला, आणि तो तळहाताएवढा आहे ही बातमी पोचायला अर्धा. खरं तर तेव्हा तो मसुराच्या दाण्याएवढा होता. पण बातमी एसटीनं आली होती आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर थोडी थोडी वाढत गेली. पुढं तीन वर्षांत कोळ्यानं बातमीला गाठलं, हा भाग वेगळा.

तो सापडला ती जागा आता नाही. रस्ता रुंद करायला जेसीबी आला आणि शेताचा जुना बांध त्यानं एका घासात खाल्ला. बांधाच्या मातीत एक केसाळ कोळीण चिरडून पडली होती आणि तिची पिल्लं ढेकळांवरून सैरावैरा पळत होती. सातवीतली हर्षाली तिथं शेळी शोधायला गेली होती. शेळी आपली आपण घरी आली. हर्षालीनं एक पिल्लू तेवढं गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून आणलं. शाळेतल्या उज्ज्वला मॅडमना तिनं ते दाखवलं तेव्हा मॅडम आधी चांगल्याच रागावल्या. बांध जागेवर असता तर आत्ताच्या आत्ता परत ठेवायला लावलं असतं, म्हणाल्या. मग चष्मा वर करून डबीत पाच मिनिटं बघत बसल्या आणि शेवटी बजावलं की एक आणलंस ते आणलंस, दुसरं आणायचं नाही, आणि याला कधी हातात घ्यायचं नाही. खायला घालायला त्यांनी शाळेतला एक लांब चिमटाही दिला.

भाऊसाहेब हे नाव बाबांनी ठेवलं. हरेश म्हणजे हर्षालीचे बाबा मोखाड्याला एका ऑफिसात शिपाई होते आणि साहेब लोकांचा त्यांना दांडगा अनुभव होता. त्यांनी दोन दिवस डबीचं निरीक्षण केलं. हा दिवसभर आपल्या बिळात बसून असतो, कुणी काही घेऊन आलं तरच बाहेर येतो, घेतलं की परत आत जातो, वर भेटायला गेलं तर अंगावर येतो. मग याला दुसरं काय म्हणायचं?

सुरुवातीला भाऊसाहेबांचं जेवण म्हणजे एक वाळवी. तीही आठवड्यातून दोनदा. मग पिकलेल्या केळ्यावरची चिलटं, मग रातकिड्याचं पिल्लू, मग रातकिडा. डबी लहान पडली तसे ते लोणच्याच्या बरणीत गेले, तिथून वाण्याकडच्या बिस्किटांच्या प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत, आणि शेवटी जव्हारच्या एका दुकानातून आणलेल्या माशांच्या काचेच्या पेटीत. पेटीला तडा होता, तिच्यात पाणी राहत नव्हतं, म्हणून ती दुकानाच्या मागं पडून होती. भाऊसाहेबांना पाणी लागायचं ते बाटलीच्या झाकणात मावेल एवढंच. पेटीत अर्ध्यापर्यंत ओलसर लाल माती भरली आणि त्यांनी एका रात्रीत काचेला लागून बीळ खणलं. आता ते आत काय करतात ते बाहेरून दिसायचं. पाड्यातल्या लोकांची फार सोय झाली.

लोकांचं एकच दुखणं होतं. याला आठवड्यातून एकदाच खायला देतात हे कुणाला पटायचं नाही. घरात आलेल्याला उपाशी ठेवायची रीत जामसरला नाही. भात लावून परतणाऱ्या बाया मुठीत नाकतोडा घेऊनच यायच्या. हर्षालीची आई मीना सगळ्यांना सांगायची की याचं पोट भरलंय, आणि हर्षालीची पाठ वळली की स्वतःच एक झुरळ आत सोडायची. एकदा भाऊसाहेबांचं पोट बोराएवढं टम्म फुगलं, तेव्हा हर्षालीनं पेटीवर कागद चिकटवला: फवारणीच्या शेतातला किडा चालणार नाही. विचारल्याशिवाय वाढायचं नाही. खाली तिनं सहीसुद्धा केली. सही करायला तिला अलीकडे फार आवडायचं. आठवीत वर्गात उभं राहून एक वाक्य बोलताना जिची बोबडी वळायची, ती ही पोरगी दहावीत येईपर्यंत कोळ्याबद्दल कुणाशीही अर्धा तास बोलायला लागली होती. समोरच्यानं ऐकायचं थांबवलं तरी.

आणि यंदा भात पिवळं पडायच्या सुमाराला भाऊसाहेबांनी जेवण बंद केलं.

पहिला आठवडा कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नाकतोडा त्यांच्या पाठीवरून चालत गेला तरी ते हलले नाहीत. पाचव्या आठवड्यात अंगाचा रंग काळपट झाला, पोट तुळतुळीत झालं, आणि बिळाचं तोंड त्यांनी मातीनं लिंपून घेतलं. बाबा म्हणाले, रजेवर गेले. आई म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. हर्षालीला माहीत होतं की ही कात टाकायची तयारी आहे. आतापर्यंत तिनं नऊ काती टाकलेल्या बघितल्या होत्या. पण ही दहावी कात साधी नव्हती.

दिवाळीची सुटी लागायच्या आधी मॅडमनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. हा आता वयात आला. मादी असेल तर बारा वर्षं, पंधरा वर्षंसुद्धा जगेल आणि मधून मधून कात टाकत राहील. नर असेल तर ही त्याची शेवटची कात. त्यानंतर त्याला फार तर एखादं वर्ष. नर की मादी ते टाकलेल्या कातीच्या आतल्या बाजूला दिसतं, आधीच्या काती त्यासाठी फार लहान होत्या, म्हणून ही कात फाडू नको, तशीच माझ्याकडे घेऊन ये. मॅडमनी हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं. हर्षालीनं आकृती वहीत उतरवून घेतली आणि बसमधे घरी पोचेपर्यंत वही उघडीच ठेवली.

ही गोष्ट तिनं फक्त आईला सांगितली. म्हणजे संध्याकाळपर्यंत ती हिराबाईला कळली.

हिराबाई ही जामसरची सुईण. आता बाया दवाखान्यात जातात, पण त्याआधी पाड्यातलं प्रत्येक पोर तिच्याच हातात आलं होतं, हर्षालीची आई धरून. पोटाकडं एकदा बघून ती पोरगा की पोरगी ते सांगायची आणि तिचं म्हणणं कधी चुकलं नाही, असं ती स्वतः सांगायची. काठी टेकत ती आली, पेटीपुढं उकिडवी बसली, लुगड्याच्या पदरानं काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"दिवस भरलेत," ती म्हणाली. "पोट वर धरलंय. पोरगा हाय."

हर्षालीनं तिला सगळं सांगितलं, की हे बाळंतपण नाही, भाऊसाहेब स्वतःच जुन्या कातड्यातून बाहेर येणार आहेत, आणि पोरगा असला तर वर्षभरात मरणार आहेत. हिराबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की एवढी वर्षं लोक माझ्या तोंडाकडं बघून पोरगा म्हण, पोरगा म्हण करायचे, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी उलटं मागतंय. पण डोळ्याला दिसलं ते दिसलं. ते काय ती बदलणार?

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पाड्याला पोरगी हवी झाली. विहिरीवरच्या बाया हर्षालीला थांबवून विचारायच्या, झाली का गं. एकीनं तर देवापुढं नारळ कबूल केला.

रविवारी दुपारी, घरातले सगळे भात कापायला गेलेले असताना, भाऊसाहेब आपल्या बिळात उताणे झाले. आठही पाय वर. खाली त्यांनी स्वतःच जाळ्याची पांढरी चादर अंथरली होती. कधी न बघितलेल्या माणसाला वाटलं असतं संपलं, पण हर्षाली पेटीजवळ बैठक मारून बसली आणि शेजारच्या पोरीकडून हिराबाईला निरोप धाडला. निरोप का धाडला हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पोरगा म्हणणाऱ्या बाईचं तोंडसुद्धा बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

हिराबाई आली ती रिकाम्या हातानं नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात निखाऱ्यांचं खापर, आणि खापरात ओवा आणि लसणाच्या साली. बाळंतिणीची खोली शेकून कोरडी करायची, धुरी द्यायची, ही तिची आयुष्यभराची पद्धत. धूर दारातून आत यायला आणि हर्षाली दारात आडवी व्हायला एकच गाठ पडली. धुरानं तो मरेल, तिनं सांगितलं. त्याला कोरडं नाही, ओलसर हवं असतं. मातीत पाणी घालायचं असतं. हिराबाईला हे फारच उलटं वाटलं. ओल्या खोलीत बाळंतपण करणारी माणसं तिनं या वयात पहिल्यांदाच बघितली. तरी तिनं खापर अंगणात नेऊन ठेवलं, कारण सुईण असली तरी ती परक्या घरात होती. आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि कुरकुरत का होईना, पण बघायला लागली.

आधी छातीवरचं झाकण डबीचं उघडावं तसं उघडलं. मग आतून फिकट, ओलं, नवं काहीतरी हलायला लागलं. ताण द्यायचं आणि थांबायचं. ताण द्यायचं आणि थांबायचं.

"कळा बघ कशा येतात," हिराबाई पुटपुटली. तिचाच श्वास त्या तालावर चालला होता.

तास गेला. सात पाय मोज्यातून काढावेत तसे मोकळे झाले. आठवा, मागचा डावा, अडकला. भाऊसाहेब ओढत होते, थांबत होते, पुन्हा ओढत होते आणि दर खेपेला जास्त वेळ थांबत होते. हर्षालीनं व्हिडिओत बघितलं होतं की फार वेळ अडकलं तर पाय जातो, कधी जीवही जातो. तिच्या वहीत सगळं होतं. काय खातो, कधी खातो, किती पाणी, कितवी कात. या क्षणी काय करायचं तेवढंच नव्हतं. तिनं पेटीची जाळी बाजूला केली, बिळावरची माती हळूच बोटानं सारली आणि मॅडमचा चिमटा उचलला. जुन्या कातड्याचं टोक धरायचं आणि जरासं ओढायचं. जरासंच.

हिराबाईनं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं हर्षालीला वाटलं नव्हतं.

"ओढायचं नाय."

"आजी, तो दमलाय. मरेल तो."

"वाळूचा डावा हात वर जात नाय, बघितलास?"

वाळूला कोण ओळखत नव्हतं? तो भाताचे भारे एका खांद्यावर न्यायचा, डावा हात छातीपाशी धरून. लहानपणी फणसाच्या झाडावरून पडला, असं सगळे सांगायचे. वाळूही तसंच सांगायचा.

"झाडावरून नाय पडला तो," हिराबाई म्हणाली. "खांदा अडकला होता. त्याची आय दमली, मी घाबरली. ओढलं मी. जरासंच."

मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं. हर्षालीनं तिच्याकडं बघितलं तर ती पेटीकडंच बघत होती. कधी न चुकणाऱ्या हिराबाईनं हे एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं असेल, असं वाटत नव्हतं.

हर्षालीनं चिमटा खाली ठेवला. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून तिनं बिळाच्या कडेच्या मातीत पिळला, अंगावर थेंब पडू न देता. मग दोघी बसून राहिल्या. अंगणातल्या खापरातले निखारे विझले. कोंबडी आत येऊन दोघींच्या मधून फिरून गेली. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा भाऊसाहेबांनी एक लांब ताण दिला आणि आठवा पाय सुटला. सुटला तो वाकडा, सुकलेल्या काडीसारखा, बाकीच्या पायांपेक्षा बारीक. पण सुटला.

हिराबाईनं दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. मग त्या वाकड्या पायाकडं बघून विचारलं, हा असाच राहणार का.

तिथंच खरी मेख होती. मादी असेल तर पुढच्या कातीत हा पाय सरळ होईल. नर असेल तर पुढची कात नाहीच. हर्षालीनं एवढं सांगितलं. हिराबाई उठली, दाराशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली की उद्या मोखाड्याला मीपण येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलच्या डब्यात ओल्या कापसावर ठेवलेली कात मांडीवर घेऊन हर्षाली जीपमधे बसली. मॅडमचं घर मोखाड्याला, म्हणजे आधी जव्हार, मग तिथून दुसरी जीप. जव्हारच्या जीपमधे नऊ जणांच्या जागेत तेरा जण होते. शेजारच्या बाईनं डब्याकडं बघून विचारलं, सुकट आहे का. हर्षालीनं खरं काय ते सांगितलं आणि झाकण किलकिलं करून दाखवलं. आतमधे आठ पाय, केस, नख्या सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त आत कोणी नव्हतं. पुढच्या क्षणाला त्या बाकावर हर्षाली आणि हिराबाई ऐसपैस बसल्या होत्या आणि उरलेले लोक एकमेकांच्या मांडीवर. ड्रायव्हर तुषारनं आरशातून विचारलं की याचं तिकीट धरायचं का. पण वळणं संपेपर्यंत सगळ्यांना सगळी गोष्ट कळली होती, आणि जव्हारला उतरताना सुकटवाल्या बाईनं डब्याकडं लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, पोरगीच होऊ दे.

मॅडमनी बशीत पाणी घेतलं, साबणाचा एक थेंब टाकला आणि कातीचा पोटाकडचा चुरगळलेला भाग त्यात भिजत ठेवला. तो फुलासारखा हळूहळू उलगडला. मग दोन सुया, भिंग आणि खिडकीतला उजेड. वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधे इवलासा खिसा असेल तर मादी, नसेल तर नर. मॅडम बघत होत्या. फारच वेळ बघत होत्या. हर्षालीनं वहीची कड चावायला घेतली.

मॅडमनी सुया बाजूला ठेवल्या. त्यांनी भिंग हर्षालीच्या हातात दिलं.

ठिपका दिसला. दुसरा ठिपका दिसला. मधे काहीच नव्हतं. मग तिनं भिंग जरा जवळ नेलं आणि दिसलं. एक छोटी घडी, पोलक्याला आतून शिवलेल्या चोरखिशासारखी.

"आजी, खिसा आहे," ती म्हणाली आणि तिचा आवाज भलतीकडंच गेला.

हिराबाईलाही बघायचं होतं. तिला काय दिसलं कोण जाणे, पण भिंगातून तिनं मन लावून बघितलं आणि मान हलवली. मॅडमनी हसून विचारलं की मावशी, तुमचं म्हणणं पहिल्यांदा चुकलं म्हणायचं का. हिराबाईनं भिंग खाली ठेवलं.

"मी पोटातल्या बाळाचं सांगते," ती म्हणाली. "आय तर बाईच असते. तिचं मला कुणी विचारलं?"

जामसरला दोघी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. एसटीनं की जीपनं ते माहीत नाही, पण पोचेपर्यंत भाऊसाहेबांना बारा पिल्लं झाली होती. हर्षालीला प्रत्येक घरापुढं थांबून ती कमी करावी लागली. बाबांनी नाव बदलायला ठाम नकार दिला. म्हणाले, आजकाल भाऊसाहेबांच्या खुर्चीत बाई असतात, नाव तेच राहतं.

पाचव्या दिवशी सकाळीच हिराबाई मुठीत गुबगुबीत नाकतोडा घेऊन हजर. पाचवीला बाळंतिणीला पोटभर खायला घालायचं असतं. हर्षालीनं समजावलं की तिचे दात अजून मऊ आहेत, आणखी पाच दिवस काही द्यायचं नाही, उलट नाकतोडाच तिला चावेल. हिराबाईनं मुठीकडं बघितलं आणि विचारलं, मग याला पाच दिवस कुठं ठेवू? हर्षालीनं माळ्यावरून लोणच्याची बरणी काढून दिली, भाऊसाहेबांची पहिली बरणी, झाकणाला भोकं असलेली. रोज थोडं कोवळं गवत घाल, म्हणाली, आणि पाणी शिंपड.

दहाव्या दिवशी भाऊसाहेब बिळाच्या तोंडाशी येऊन बसल्या. अंग नवं, काळंभोर, मखमली, आणि मागचा वाकडा पाय जरासा उचललेला. हर्षालीनं हिराबाईला हाक मारली. हिराबाई आली ती रिकाम्या हातानं. बरणी कुठं, विचारलं तर घरी आहे म्हणाली. आणि नाकतोडा? तोही घरीच. हिराबाई पदर नीट करत इकडं तिकडं बघायला लागली. रोज गवत घातलं, शेवटी म्हणाली. माझ्याकडं बघतो तो. आता कसा देऊ?

हर्षाली मागच्या दारानं कापलेल्या भाताच्या खाचरात गेली, फवारणी नसलेल्या बाजूला, आणि दुसरा नाकतोडा पकडून आणला. चिमट्यानं तो बिळापुढं धरला तेव्हा हिराबाईनं तोंड फिरवलं. भाऊसाहेबांनी मात्र सहा आठवड्यांचा उपास एका झेपेत सोडला.

"घेतलं का तिनं?" हिराबाईनं भिंतीकडं बघतच विचारलं.

"घेतलं."

"पोटभर खा म्हणावं," हिराबाई म्हणाली. "अजून बारा वर्षं काढायचीत." आणि मग, जाता जाता, तिनं विचारलं की नाकतोडे किती वर्षं जगतात.

नाकतोड्याचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं, हे हर्षालीनं तिला सांगितलं नाही. तिनं फक्त वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: नाकतोडा.